सदावर्त

घराबाहेर पडलेला माणूस कशासाठी बाहेर पडला आहे, हे सांगणारे तीन शब्द मराठीत रुळलेले आहेत. कामाकाजासाठी घडतो तो प्रवास, पुण्यासाठी केली जाते ती यात्रा आणि विरंगुळ्यासाठी निघते ती सहल. या शब्दांच्या सीमारेषा घरी बसून आखायला सोप्या असतात. वाटेवर त्या पुसट होत जातात. २०१८ च्या मे महिन्यात जबलपूरच्या रांझी या वस्तीतून एक वृद्ध मराठी दांपत्य विलायतेच्या सहलीला गेले. इंग्लंडमधील इतिहासप्रसिद्ध जुनी हॉटेले आणि आडवाटेवरची खेडी निवांतपणे दाखवणारी ती सहल होती. तेथून परतताना त्या दोघांनी जे बरोबर आणले, त्याचा सहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत कोठेही उल्लेख नव्हता.

रांझी ही जबलपूरच्या पूर्वेकडील कामगारांची वस्ती. १९०४ साली जबलपुरात तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाला दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ साली लष्करी वाहनांची ‘व्हेइकल फॅक्टरी’ आली. या कारखान्यांच्या भोंग्यांवर रांझीचा दिवस उगवे आणि मावळे. बंगाली, तमिळ, पंजाबी, मल्याळी आणि मराठी माणसे शेजारी-शेजारी क्वार्टरांत राहिली आणि एकमेकांशी हिंदीत बोलत आली. जबलपूरच्या मराठी माणसाचा इतिहास अर्थातच या कारखान्यांहून जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो भोसल्यांकडून घेतला. पुढे १८६१ साली नागपूर ही राजधानी धरून मध्य प्रांत तयार झाला, तेव्हा कारकून, मास्तर आणि वकील म्हणून मराठी मंडळी येथे येत राहिली. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत नागपूर आणि जबलपूर यांची ताटातूट झाली. त्यानंतर जी मराठी माणसे आली, ती बहुतेक कारखान्यांच्या ओढीने.

त्यांतलेच हे एक गृहस्थ. सहलीतील मंडळी त्यांना काका आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हणत. येथेही तेच म्हणणे सोयीचे. काका १९७२ साली, बावीसाव्या वर्षी, व्हेइकल फॅक्टरीत लागले आणि २०१० साली चार्जमन म्हणून निवृत्त झाले. ‘शक्तिमान’ ट्रक जेथे जुळवला जाई, तेथे त्यांच्या उमेदीची वर्षे गेली. सकाळपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी या क्रमाने त्यांचे आयुष्य फिरत राहिले आणि त्याबरोबर काकूंचेही. पाळी कोणतीही असो, निघण्यापूर्वी चहा आणि परतल्यावर ताट तयार असे. अडतीस वर्षांत एकदाही डबा चुकला नाही, हे काका अभिमानाने सांगत. तो अभिमान कोणाचा असायला हवा, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

काकूंचे माहेर नरसिंहपूरचे. तेथून जवळच नर्मदेवर बरमान घाट आहे आणि संक्रांतीला त्या घाटावर मोठी जत्रा भरते. काकूंची आजी दारात येणाऱ्या परिक्रमावासीयाला सदावर्त देत असे. पीठ, डाळ, मीठ, हाताशी असला तर गुळाचा खडा. परिक्रमावासी दारात उभा राहून ‘नर्मदे हर’ एवढेच म्हणे. ती हाक म्हणजेच अभिवादन आणि तीच याचना. नर्मदा उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र न ओलांडता, दोन्ही काठांनी तिला प्रदक्षिणा घालायची ही रीत. शास्त्रोक्त परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. इतका सावकाश प्रवास जगात दुसरा क्वचितच असेल. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच काकूंनी नवऱ्याला सांगितले होते की, आपल्याला एकदा परिक्रमा करायची आहे. नव्या नवऱ्याने हसून उत्तर दिले, “रिटायर झाल्यावर.” त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही. काका निवृत्त झाले तोवर काकूंचे गुडघे गेले होते.

लग्नाला पंचेचाळीस वर्षे झाली म्हणून पुण्यातील मुलाने आईवडिलांना ही सहल भेट दिली. मराठी मध्यमवर्गाने गेल्या काही दशकांत परदेशी सहलीचा एक ठरीव साचा घडवला आहे. सहाला उठवणे, सातला नाश्ता, आठला बस, असे त्याचे वेळापत्रक. सात दिवसांत पाच देश, असे त्याचे गणित. ही सहल त्या साच्याबाहेरची होती. माणसे सोळाच, बहुतेक साठीपलीकडची. एका मुक्कामी दोन किंवा तीन रात्री. सकाळी कोणी उठवणार नाही, दुपारी वाटल्यास झोपावे, संध्याकाळी गावातून चालून यावे. पहिले दोन दिवस काका बेचैन होते. ज्याने आयुष्यभर भोंग्यावर घड्याळ लावले, त्याला न वाजणाऱ्या भोंग्याची सवय नसते. पहाटे पाचला ते कपडे करून खोलीत बसून राहत आणि काकू खिडकीतून बाहेर पाहत. चहा करायची किटली खोलीतच होती. पहिल्या दिवशी काकूंनीच उठून ती लावली.

मराठी माणसाने विलायतेविषयी पुष्कळ लिहिले आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली तेथे गेल्या, तेव्हा त्यांनी समुद्रप्रवासाचे वर्णन मायदेशी कळवले, पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने १९६० नंतरच्या पिढीला लंडनची ओढ लावली. परंतु या लेखनात राजधानी, वस्तुसंग्रहालये, नाट्यगृहे आणि साहित्यिकांची घरे जितकी येतात, तितकी वाटेवरची उतरण्याची ठिकाणे येत नाहीत. इंग्रज मात्र जबलपूरला आला, तेव्हा वाटेविषयीच लिहीत राहिला. ठगांच्या बंदोबस्तासाठी ज्याचे नाव झाले तो विल्यम स्लीमन मूळचा कॉर्नवॉलमधील स्ट्रॅटन या गावचा. नरसिंहपूरचा अधिकारी असताना आपल्या कचेरीपासून हाकेच्या अंतरावरील कंदेली या वस्तीत ठग राहतात, हे त्याला ठाऊक नव्हते. ती कबुली पुढे त्याने स्वतःच दिली आहे. १८३५ च्या नोव्हेंबरात प्रकृतीसाठी रजा घेऊन तो जबलपूरहून हिमालयाच्या दिशेने निघाला. भेडाघाटची कार्तिकी जत्रा, वाटेवरची गावे, पिके, सतीच्या हकिकती, शेतकऱ्यांशी झालेली बोलणी यांनी भरलेले त्याचे पुस्तक १८४४ साली प्रसिद्ध झाले. जबलपूर आणि कटनी यांच्या दरम्यान आजही स्लीमनाबाद आहे. काकांनी सहलीच्या वाटाड्याला स्ट्रॅटनविषयी विचारले, तेव्हा त्या गावाचे नाव त्याने ऐकले होते. स्लीमनचे ऐकले नव्हते. रांझीहून निघालेल्या माणसाला याची गंमत वाटली. ज्याच्या नावाचे स्टेशन आपल्या रेल्वेमार्गावर आहे, त्याचे नाव त्याच्याच देशात सांगावे लागले.

पहिला मोठा मुक्काम ग्लॉस्टरचा. तेथील ‘न्यू इन’ ही पांथशाळा नावाने नवी असली तरी सुमारे १४५० सालची आहे. मध्ये मोकळा चौक आणि चहूकडे लाकडी सज्जे, अशी तिची बांधणी. वाड्यात वाढलेल्या मराठी माणसाला चौक पाहताच ओळख पटते. सज्ज्यातल्या ओकच्या जाड तुळयांवरून काकांनी हात फिरवला. अशा जुन्या बांधकामात लाकडाला लाकूड खुंट्यांनी जोडलेले असते आणि सुताराने सांध्या-सांध्यावर आकडे कोरलेले असतात, असे वाटाड्याने सांगितले. काकांचा चेहरा उजळला. सुटे भाग एकीकडे घडवायचे, त्यांवर खुणा करायच्या आणि दुसरीकडे नेऊन जुळवायचे, ही तर त्यांच्याच कामाची रीत होती. “म्हणजे असेंब्ली लाइनच की ही,” ते म्हणाले. पाचशे वर्षांपूर्वीच्या अनोळखी सुताराशी त्यांचे नाते त्या क्षणी जडले. इंग्लंड त्यांना परके वाटेनासे झाले ते तेथून.

काकूंचे लक्ष मात्र वाटाड्याच्या दुसऱ्या वाक्याकडे होते. ही पांथशाळा कोणा व्यापाऱ्याने बांधलेली नव्हती. ती तेथील सेंट पीटरच्या मठाने बांधली. राजा दुसरा एडवर्ड १३२७ साली बंदिवासात मरण पावला. त्याचा दफनविधी या मठात झाला आणि त्याच्या समाधीच्या दर्शनाला लोटणाऱ्या यात्रेकरूंच्या सोयीसाठी हे घर उभे राहिले. “म्हणजे धर्मशाळाच की,” काकू म्हणाल्या. सोबतची मंडळी हसली. ज्या हॉटेलात एका रात्रीचे भाडे ऐकून काका मनातल्या मनात आपल्या पहिल्या पगाराचे महिने मोजत होते, त्याला धर्मशाळा म्हणणे हा विनोदच होता. परंतु काकूंचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

पुढच्या मुक्कामांवर त्याचा प्रत्यय येत गेला. माम्सबरी येथील ‘ओल्ड बेल’ स्वतःला इंग्लंडमधील सर्वांत जुने हॉटेल म्हणवते. १२२० च्या सुमारास तेथील मठाधिपतीने मठात येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते बांधले. ग्लॅस्टनबरीच्या ‘जॉर्ज अँड पिलग्रिम्स’च्या नावातच यात्रेकरू आहेत, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील त्याची दगडी दर्शनी भिंत एखाद्या देवळासारखी कोरलेली आहे. या सर्व घरांच्या इतिहासात एक रेघ सारखीच ओढलेली दिसते. १५३६ ते १५४० या चार वर्षांत आठव्या हेन्रीने देशातील मठ बंद करून त्यांच्या जमिनी आणि मालमत्ता ताब्यात घेतल्या. ग्लॅस्टनबरीच्या वृद्ध मठाधिपतीला १५३९ साली गावाबाहेरच्या टेकडीवर फाशी देण्यात आले. मठ गेले आणि यात्रा थांबल्या. उतरण्याची घरे मात्र उरली. त्यांचे मालक बदलले. अतिथी जाऊन गिऱ्हाईक आले. आज ज्या वास्तूंना ऐतिहासिक हॉटेल म्हणून मान आहे, त्यांतल्या कित्येकांच्या पायाशी अशी एक बुडालेली यात्रा आहे.

या बदलाची केवळ हळहळ करणे मात्र एकांगी ठरेल. मठांचे आतिथ्य निरपेक्ष नव्हते. यात्रेकरू येत, समाधीपुढे दान टाकीत आणि त्या दानावर मठ वाढत. आपल्याकडची परिस्थितीही वेगळी नव्हती. अहिल्याबाईंनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या, हे त्यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण देशभरातील कित्येक धर्मशाळांच्या दारात वाटसरूला तहान विचारण्यापूर्वी जात विचारली जाई, हेही तितकेच निर्विवाद आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला हॉटेल कूळ विचारत नाही. पैशाने दारे बंद केली तशी काही दारे उघडलीही. सहलीतील एक निवृत्त प्राध्यापक हे सारे काकूंना समजावून सांगत होते. काकूंनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाल्या, “खरं आहे. पण विकत घेतलेल्या भाकरीला आपण नमस्कार करत नाही.” प्राध्यापक यावर काही बोलले नाहीत.

खेड्यांत हिंडताना काकूंची चाल सर्वांत मागे असे आणि त्यामुळे त्यांना पुष्कळ दिसे. बिबरी येथील आर्लिंग्टन रो ही दगडी घरांची रांग जगभरच्या चित्रांत पाहायला मिळते. चौदाव्या शतकात ते लोकर साठवण्याचे कोठार होते. सतराव्या शतकात त्याची विणकरांसाठी घरे झाली. मेंढ्यांच्या लोकरीवर हा सारा कॉट्सवोल्ड प्रदेश श्रीमंत झाला. पुढे यंत्रमाग आले, कापडाचा धंदा उत्तरेकडे यॉर्कशायरला गेला आणि येथले माग बंद पडले. नवे बांधायला पैसा नव्हता म्हणून जुने टिकले. दारिद्र्याने जपलेले सौंदर्य पाहायला आता श्रीमंत माणसे येतात आणि घरे घेऊन ठेवतात. विणकरांच्या वंशजांना ती परवडत नाहीत. काकांना हे ऐकताना आपल्या वस्तीची आठवण झाली. कारखाना आहे तोवर वस्ती हलती-बोलती असते. २०१८ साली रांझीत कारखान्यांच्या भवितव्याची चर्चा पानटपरीवर रोज चाले. पुढे २०२१ च्या ऑक्टोबरात आयुधनिर्माणी मंडळ बरखास्त होऊन हे कारखाने सरकारी कंपन्यांत वाटले गेले. विणकरांच्या दारासमोर उभे राहून काका इतकेच म्हणाले, “आपले क्वार्टर बघायला कोणी येणार नाही.”

सहलीतील खरा थांबा लॅकॉकला आला. हे अख्खे गाव १९४४ पासून ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या ताब्यात आहे आणि म्हणून ते बदललेले नाही. येथील मठाच्या इमारतीत विल्यम फॉक्स टॅल्बटने १८३५ च्या ऑगस्टमध्ये एका जाळीदार खिडकीचे निगेटिव्ह छायाचित्र काढले. त्याच वर्षी, तीन महिन्यांनी, स्लीमन जबलपूरहून निघाला होता. मंडळी खिडकीची छायाचित्रे काढण्यात गुंतली आणि काका-काकू गावातल्या ‘जॉर्ज इन’मध्ये जाऊन बसले. चौदाव्या शतकापासून हे घर वाटसरूंना जेवू घालत आले आहे. तेथील जुन्या चुलाण्यापाशी एक लाकडी चाक आहे. ते काय असावे, हे काकांनी यंत्र म्हणून ओळखायचा प्रयत्न केला. चाकाला दात नव्हते, मूठ नव्हती. वाढणाऱ्या मुलीने सांगितले की, ते कुत्र्याचे चाक आहे. पूर्वी आखूड पायांचा एक कुत्रा त्या चाकात सोडत. तो पळत राही, चाक फिरत राही आणि त्याला जोडलेली मांसाची सळई आगीसमोर गोल फिरत राही. पाहुण्यांचे जेवण सर्व बाजूंनी सारखे भाजले जावे, यासाठी तो तासन्‌तास पळे.

काका बराच वेळ त्या चाकाकडे पाहत बसले. जबलपूरच्या जुन्या बंगल्यांतील पंखेवाल्यांच्या गोष्टी त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या. साहेब आत झोपलेला असे आणि ओसरीत बसलेला माणूस पायाला दोरी बांधून रात्रभर पंखा ओढत राही. निवांतपणा ही गोष्ट आपोआप घडत नाही. तिच्यामागे कोणीतरी चाक फिरवत असते, हे कारखान्यात राबलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. आजवर अशा प्रत्येक चित्रात काकांनी स्वतःला चाक फिरवणाऱ्याच्या जागी पाहिले होते. त्या दुपारी प्रथमच त्यांना पलीकडची जागा दिसली. तीन पाळ्या, अडतीस वर्षे, एकदाही न चुकलेला डबा. त्यांनी काकूंकडे पाहिले. काकू चष्मा पुसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी किटली काकांनी लावली. चहा फार गोड झाला होता. काकूंनी तो पूर्ण प्याला.

शेवटचा मुक्काम विंचेस्टरचा. गावाबाहेर, नदीकाठच्या कुरणांच्या कडेला ‘सेंट क्रॉस’ नावाची संस्था आहे. विंचेस्टरचा बिशप हेन्री ऑफ ब्लॉइस याने बाराव्या शतकात गरीब वृद्धांच्या आश्रयासाठी ती स्थापन केली आणि ती आजही चालू आहे. काळे किंवा तांबडे झगे घातलेले वृद्ध रहिवासी तेथे राहतात. आठव्या हेन्रीचे वादळ या घरावरून निघून गेले. येथे एक प्रथा शतकानुशतके पाळली जाते. कोणीही वाटसरू दारावर आला आणि त्याने मागितले, तर त्याला पावाचा तुकडा आणि शिंगाच्या प्याल्यातून थोडी बिअर दिली जाते. तो कोण, कोठला, कशासाठी आला, हे विचारले जात नाही. अट एकच. मागितले पाहिजे; न मागता कोणी देत नाही.

सहलीची व्यवस्था पाहणारी पुण्याची मुलगी हे सांगत होती, तेव्हा मंडळींत कुजबुज झाली. भल्या मोठ्या रकमा भरून आलेल्या माणसांना पावाचा तुकडा मागण्याचा संकोच वाटत होता. कोणी म्हणाले, गंमत म्हणून मागू या. पण पुढे कोणी होईना. काकू पुढे झाल्या. संबंध सहलीत त्या कोठेही पुढे झाल्या नव्हत्या. द्वारपालाच्या खिडकीपाशी त्या उभ्या राहिल्या आणि क्षणभर त्यांना शब्द सुचेना. मग त्यांच्या तोंडून आपसूक निघाले, “नर्मदे हर.” द्वारपालाला त्यातले काही कळले नाही, पण मागणाऱ्याचा हात कळला. त्याने बशी पुढे केली. काकूंनी पावाचा तुकडा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि अर्धा तोडून काकांना दिला. बिअरच्या प्याल्याला त्यांनी तीर्थासारखे बोट लावले आणि तो नवऱ्याच्या हाती सोपवला. कोणी हसले नाही. त्यानंतर एकेक करत सोळाही जणांनी मागून घेतले.

त्या रात्री खोलीत दिवा मालवल्यावर काकू बोलल्या.

“मला परिक्रमा करायची आहे.”

“अगं, तुझे गुडघे…”

“गुडघ्यांचं मला ठाऊक आहे. तुम्ही म्हणाला होतात, रिटायर झाल्यावर. आठ वर्षं झाली.”

“तू परत कधी बोलली नाहीस.”

“मागितलं नाही म्हणून नको होतं, असं समजलात होय?”

काकांपाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते. पत्नीने कधी काही मागितले नाही, ही गोष्ट ते नातेवाइकांत कौतुकाने सांगत आले होते. ज्या घरात मागावे लागत नाही ते घर सुखाचे, असा त्यांचा समज होता. परंतु न मागण्याचे दोन प्रकार असतात. गरज नसते म्हणून माणूस मागत नाही आणि मिळणार नाही हे ठाऊक असते म्हणूनही मागत नाही. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या पिढीच्या कित्येक समाधानी संसारांत हा दुसरा प्रकार पहिल्याच्या नावावर खपून गेला आहे.

जूनमध्ये मंडळी परतली. ६ जुलै २०१८ रोजी जबलपुरात अमृतलाल वेगड गेले. नंदलाल बोस यांच्या हाताखाली शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार जबलपुरात कलाशिक्षक होता. १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी नर्मदेकाठाने चालायला प्रारंभ केला. पण तीन वर्षे घर सोडून नव्हे. सुटी मिळेल तेव्हा निघायचे, जमेल तितके चालायचे, घरी परतायचे आणि पुढच्या वेळी थांबलो तेथून पुन्हा निघायचे, अशी त्यांची रीत होती. पुढच्या पदयात्रांत त्यांच्या पत्नीही बरोबर चालल्या. त्या चालण्यातून हिंदी आणि गुजराती पुस्तके निर्माण झाली आणि २००४ साली साहित्य अकादमीने त्यांच्या गुजराती ग्रंथाचा गौरव केला. त्यांनी पायांखाली घातलेल्या जुन्या वाटेचा बराच भाग पुढे बर्गीसारख्या धरणांच्या पाण्यात बुडाला. वर्तमानपत्रांत त्या आठवड्यात आलेले सारे मजकूर काकांनी वाचले आणि एक कात्रण काकूंपुढे ठेवले. “तुकड्या-तुकड्यांनीही होते म्हणे,” एवढेच ते म्हणाले.

चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाहीत. कार्तिकी एकादशी झाली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस एके सकाळी दोघे तिलवाराघाटावर उतरले. ग्वारीघाटापर्यंत जायचे, एवढाच बेत होता. उत्तर काठाने, नदी उजव्या हाताला ठेवून. एखादा तरुण दुपारच्या आत ते अंतर काटून परत येईल. काकूंना दर अर्ध्या तासाने बसावे लागे. बोचके काकांच्या पाठीवर होते. वाटेत भेटलेल्या एका जुन्या परिक्रमावासीयाने त्यांची चौकशी केली आणि ही शास्त्रोक्त परिक्रमा नव्हे, असे प्रामाणिकपणे सांगितले. काकूंनी ते मान्य केले. त्याच्या वाटेला त्यांची वाट लागून होती. त्याहून अधिक दावा त्यांना करायचा नव्हता.

दिवस कलल्यावर एका वस्तीपाशी दोघे थांबले. काकूंना त्यांनी झाडाखाली बसवले आणि तीन विटा मांडून खिचडीची तयारी केली. तांदूळ होते, डाळ होती, मीठ रांझीलाच राहिले होते. काकूंनी उठायचा प्रयत्न केला, तेव्हा काकांनी त्यांना हातानेच थांबवले. समोर एक घर होते. काका त्या दारात जाऊन उभे राहिले. अडुसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कोणाच्या दारात असे काही मागितले नव्हते. थोडा वेळ ते नुसतेच उभे राहिले आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, “नर्मदे हर.”

आतून एक म्हातारी बाहेर आली. कुठून येणे झाले, असे तिने हिंदीत विचारले. काकांनी रांझी म्हणून सांगितले. म्हातारी हसली. रांझी तर येथेच आहे, असे ती म्हणाली आणि मीठ आणायला आत गेली. तिने मिठाबरोबर दोन हिरव्या मिरच्या आणि गुळाचा एक खडा आणला. काकांनी दोन्ही हात पुढे केले.